जालकाची कंपने आणि चुंबकीय क्रम

चुंबकीय ऑक्साइडांच्या स्फटिकात धातूच्या दोन अणूंच्या मध्ये बहुधा ऑक्सिजनचा एक अणू असतो. धातूच्या त्या दोन अणूंचे स्पिन एकाच दिशेने राहणार की विरुद्ध, हे या ऑक्सिजनमार्फत ठरते. या परस्परक्रियेला विनिमय म्हणतात. धातू-ऑक्सिजन-धातू हा कोन 180 अंशांच्या जवळ असेल तर विनिमय सहसा बळकट असतो आणि शेजारचे स्पिन विरुद्ध दिशांना लागतात. कोन 90 अंशांकडे झुकला की विनिमय दुबळा होतो, कधी त्याचे चिन्हही उलटते. गुडइनफ आणि कानामोरी यांचे हे नियम 1950च्या दशकातले. पण हा ऑक्सिजन स्तब्ध कधीच नसतो. तो थरथरतो, कोन आणि अंतर बदलते, त्याबरोबर विनिमयही बदलतो. उलट बाजूने, स्पिन क्रमाने लागले की ऑक्सिजनला जागचे हलवायला लागणारे बळ बदलते आणि कंपनाची वारंवारता सरकते. जालकाच्या अशा कंपनांना फोनॉन म्हणतात; स्पिन-फोनॉन जोडणी ती हीच.

या जोडणीचे स्थिर रूप फार जुने आहे. चुंबकन होताना लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी 1842 मध्ये दाखवले. रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर मुख्यतः याच कारणाने ऐकू येते. वीज 50 हर्ट्झची, पण गाभ्याची लांबी प्रत्येक अर्ध्या आवर्तनात बदलते, म्हणून आवाज 100 हर्ट्झचा. अणूंच्या पातळीवरचा हिशेब मात्र खूप उशिरा आला. चुंबकीय क्रमामुळे फोनॉनची वारंवारता किती सरकावी, याचे सूत्र बाल्टेनस्पेर्गर आणि हेल्मन यांनी 1968 मध्ये मांडले. त्यानुसार हे सरकणे शेजारच्या स्पिनच्या सहसंबंधाच्या प्रमाणात असते आणि प्रमाणाचा स्थिरांक λ या अक्षराने दाखवतात.

आज λ काढण्याची रूढ वाट रामन वर्णपटातून जाते. स्फटिक थंड करत प्रत्येक तापमानाला शिखराची जागा नोंदवतात. सामान्य पदार्थात थंडीबरोबर वारंवारता हळूहळू चढते आणि खाली सपाट होते. चुंबकीय पदार्थात क्रम येण्याच्या तापमानाला वक्राला मोड पडते. मग त्या तापमानाच्या वरच्या भागावर अप्रसंवादी कंपनांचे सूत्र बसवतात, तो वक्र खाली वाढवतात आणि मोजलेल्या बिंदूंशी असलेला फरक स्पिनच्या खात्यावर टाकतात. ग्रनादो आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये लॅंथनम मॅंगनाइटवर, ज्यात क्रम सुमारे 140 केल्विनला येतो, अशा विश्लेषणाचा पाया घातला. तो लेख काळजीपूर्वक लिहिलेला आहे. त्याच्या मागून आलेल्या लेखांच्या रांगेबद्दल सरसकट तसे म्हणता येत नाही.

अडचण त्या वाढवलेल्या वक्रात आहे. क्रम आला की स्फटिकाचे आकारमानही बदलते आणि केवळ तेवढ्यानेही वारंवारता सरकते. थरांच्या किंवा साखळ्यांच्या पदार्थांत जवळच्या स्पिनचे नाते क्रम येण्याच्या तापमानाच्या खूप वरपासून जुळू लागते, म्हणजे ज्या भागाला अचुंबकीय मानून सूत्र बसवले तो भागच निर्मळ नसतो. प्रति सेंटिमीटर एक-दोन एककांच्या फरकावर λ काढायचा असेल तर क्ष-किरणांनी मोजलेले आकारमान सोबत हवेच. कित्येक लेखांत ते नसते, आणि तरीही दोन पदार्थांचे λ शेजारी ठेवून तुलना होते. अशा तुलनेला आधार नाही.

शिखराचे दुभंगणे हा त्याहून भक्कम पुरावा. झिंक क्रोमाइटमध्ये क्रोमियमचे अणू चतुष्फलकांवर असल्याने सर्व स्पिनना एकाच वेळी समाधानी राहता येत नाही. 12.5 केल्विनला जालकच विकृत होऊन ही कोंडी फोडते. त्याच क्षणी प्रति सेंटिमीटर 370च्या आसपासचे अवरक्त शिखर दुभंगते आणि दोन तुकड्यांत 11 एककांचे अंतर पडते. इथे कोणताही वक्र वाढवावा लागत नाही. सोडियम ऑस्मेटमध्ये तर शिखर सुमारे 40 एककांनी सरकते. एवढा फरक पार्श्वभूमीच्या निवडीने पुसला जात नाही.

रामन वर्णपट कंपनांची फक्त एक बाजू दाखवतो, कारण प्रकाशाचा संवेग नगण्य असतो. संपूर्ण चित्रासाठी न्यूट्रॉन लागतात, आणि ते फोनॉन व स्पिनलहरी (क्रमात लागलेल्या स्पिनच्या लहरी) दोन्ही एकाच प्रयोगात दाखवतात. बर्ट्रम ब्रॉकहाउस आणि पी. के. अय्यंगार यांनी 1958 मध्ये जर्मेनियमची कंपने याच मार्गाने नोंदवली. पुढे अय्यंगारांनी तुर्भ्याला हे काम रुजवले, आणि तिथली 1985 पासूनची 100 मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी आजही त्यासाठी वापरली जाते. जिथे फोनॉन आणि स्पिनलहरी यांच्या ऊर्जा जुळतात तिथे ऊर्जा-संवेगाच्या आलेखावर दोघांच्या रेषा एकमेकींना टाळतात. किटेल यांनी ही शक्यता 1958 मध्येच वर्तवली होती.

गेल्या दशकात प्रवाह उलटा वाहू लागला आहे: लेझरने निवडक फोनॉन चेतवायचा आणि चुंबकत्व बदलायचे. 2019 मध्ये लोखंडाच्या पातळ थरात दिसले की अतिवेगाने विझणाऱ्या चुंबकत्वाचा सुमारे 80 टक्के कोनीय संवेग पिकोसेकंदाच्या आत जालकात जातो. 2023 मध्ये इट्रियम टायटॅनेटवर टेराहर्ट्झ स्पंद पाडले गेले. या पदार्थात लोहचुंबकत्व 27 केल्विनला येते, पण योग्य फोनॉन हलवल्यावर त्याच्या खुणा 80 केल्विनच्या वरही दिसल्या. वेगळा फोनॉन निवडला की परिणाम वेगळा. फोनॉन विझायला काही पिकोसेकंद पुरतात, हे चुंबकत्व मात्र कित्येक नॅनोसेकंद टिकले. त्याला कोण धरून ठेवते, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.