ओळख ठाऊक असताना

उत्तरभागात खलनायकाचे रहस्य आधीच फुटलेले असते; मग भयाचा आधार कोणता? जेफ बर यांच्या ‘स्टेपफादर २’ (१९८९) मध्ये मनोरुग्णालयातून निसटलेला खुनी सावत्र बाप कुटुंब-समुपदेशकाचे सोंग घेऊन नव्या घरात शिरतो. प्रेक्षक जाणतो, घरातली स्त्री जाणत नाही. धास्ती या अंतरातून निर्माण होते. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मध्येही हेच अंतर आहे. निपाणीचा लखोबा लोखंडे न्यायालयात सारे नाकारतो आणि फिरता रंगमंच त्याची एकेक सोंगे उघडी करतो. मात्र येथे आस्वादाची दिशा उलटते. फसवल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असताना टाळी पडते ती पणशीकरांच्या लखोबाच्या हजरजबाबीपणाला. समीक्षेने अभिनयाचे कौतुक पुष्कळ केले. या टाळीची चिकित्सा मात्र फारशी केली नाही.