एका पाकवहीची नक्कल व तिचें मूळ

पुण्यांतील एका कुटुंबानें कन्येच्या विवाहप्रसंगीं घरच्या पाककृतींची हातानें लिहून बांधिलेली एक वही तिला आहेर म्हणून दिली. आतां तिच्या पन्नास प्रती छापून आप्तेष्टांत वांटण्याचा त्यांचा विचार आहे. तत्पूर्वीं अभिप्राय मिळावा म्हणून ती वही, आणि जिच्यावरून ती उतरली ती जुनी वही, अशा दोन्ही आमच्याकडे आल्या. कुटुंबाच्या इच्छेवरून नामनिर्देश केलेला नाहीं. आहेराच्या वहीचें परीक्षण संशोधनाच्या त्रैमासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’ंतील अन्नभोगावर, किंवा सतराव्या शतकांतील रघुनाथ नवहस्ते यांच्या ‘भोजनकुतूहला’वर लेख आला असतां ही शंका कोणी घेत नाहीं. ते ग्रंथ राजाचे व पंडिताचे. चुलीपुढें बसणारीनें स्वतःच्या हातानें लिहिलेलें जें थोडेंबहुत उरलें आहे तें असल्याच वह्यांत, आणि तें रोज रद्दींत जात आहे.

प्रथम नवी वही. हातकागद, दोऱ्याची शिवण, पृष्ठें ११२. पुठ्ठ्यावर जुन्या इरकली लुगड्याचा कांठ चिकटविला आहे. अक्षर संकलनकर्त्रीचें, म्हणजे वधूच्या मातेचें, वळणदार व आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखें. एकंदर कृति ८४. प्रत्येक कृतीच्या शिरोभागीं साहित्य व प्रमाण, खालीं क्रम. नित्य वापरास ही मांडणी सोयीची आहे. लग्नांत मुलीस छापील ‘रुचिरा’ देण्याची चाल पुष्कळ घरांत पडली आहे. तिच्यापेक्षां आठ महिने रात्रीं बसून लिहिलेली ही भेट कितीतरी मोलाची. हें आधींच लिहून ठेवितों, कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें तितकें गोड नाहीं.

जुनी वही संकलनकर्त्रीच्या आजीची. मूळची ती जमाखर्चाची. पुढच्या बाजूस आजोबांचा मोडींतील घरखर्च अठरा पानें चालून थांबला आहे; तीच वही उलटी धरून मागल्या बाजूनें आजींनीं बाळबोधींत पाककृति लिहिल्या आहेत. कोठेंही मिति नाहीं. तथापि काळ ठरविण्याचीं साधनें वहींतच आहेत. करंजीच्या कृतींत ‘तूप’ खोडून वर ‘डालडा’ केलें आहे; हें नांव बाजारांत १९३७ सालापासूनचें, तेव्हां ती खोडाखोड त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. आरंभीं ‘अर्ध्या आण्याची कोथिंबीर’ आहे, तर मध्यावर ती ‘पांच नये पैशांची’ झाली आहे. दशमान नाणीं १९५७ सालीं आलीं व ‘नये’ हें विशेषण १९६४ सालीं सुटलें. सबब तें पान या सात वर्षांतलें किंवा त्यानंतर लवकरचें धरण्यास हरकत नाहीं. शेवटाकडे थालिपिठाच्या भाजणीच्या समासांत निराळ्या हाताची एक ओळ आहे: जोंधळा न मिळाल्यास मिलो चालेल, पण अधिक भाजावा. १९७२ च्या दुष्काळांत शिधावांटपाच्या दुकानांतून मिळालेला तांबडा मिलो ज्यांनीं खाल्ला आहे, त्यांस या ओळीवर भाष्य नको. हस्ताक्षरें एकंदर चार. म्हणजे ही वही एका बाईची नसून एका घराची, निदान पस्तीस वर्षांची आहे.

नव्या वहींत यांतलें कांहीं राहिलें नाहीं. आण्याची कोथिंबीर व नये पैशांची कोथिंबीर या दोहोंची ‘अर्धी जुडी’ झाली. मिलो गेला, डालडा गेला व खोडलेलें तूप पुन्हां जागेवर आलें. याहून मोठी हानि निराळीच आहे. जुन्या वहींत ३१ कृतींच्या शेवटीं ती कोणाकडून मिळाली तें लिहिलें आहे: वन्संनीं सांगितलें तसें, मिरजेच्या मावशींची रीत, आपल्याकडे गूळ कमी, खालच्या बिऱ्हाडांतल्या कोंकणच्या बाईंकडून. नक्कल करितांना हे सर्व उल्लेख गाळून प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘आजीची कृति’ असें तांबड्या शाईनें लिहिलें आहे. यांत प्रेम आहे, हें आम्हांस दिसतें. परंतु जें दुसरीचें म्हणून त्या बाईनें प्रामाणिकपणें नोंदविलें, तें तिच्या नांवावर चढविण्याचा अधिकार तिच्या नातीसही नाहीं. त्या काळच्या बायकांचें येणेंजाणें कोणाकडे होतें, सासरमाहेरच्या रीती एका चुलीवर कशा एकत्र आल्या, हें सांगणारा दुसरा कागद त्या घरांत नाहीं.

शुद्धलेखनाचें तसेंच. ‘साकर’, ‘सुंट’, ‘येलची’ हीं रूपें सुधारून घेतलीं आहेत. यास्तव मात्र संकलनकर्त्रीस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. तीस वर्षें मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईनें आम्हीं हेंच केलें. बोलण्यांतलें रूप लिहिण्यांत उतरलें कीं तें अशुद्ध, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. ‘येलची’ लिहिणारी बाई ‘येलची’च म्हणत होती, हें तेव्हां सुचलें नाहीं.

आतां मापांकडे वळूं. येथें प्रकरण केवळ भावनेचें राहत नाहीं. जुन्या वहींत चिपटें, मापटें व शेर हीं मापें सर्वत्र आहेत. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हें कोष्टक आमच्या आधींच्या पिढीस पाठ असे. पण शेर दोन प्रकारचा: धान्य भरून मोजण्याचा मापी, आणि तराजूचा वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम. संकलनकर्त्रीनें हा आंकडा कोठून तरी मिळवून शेर दिसेल तेथें ९३३ व मापटें दिसेल तेथें ४६६ ग्रॅम असें सरसकट घातलें आहे. मापटेंभर पोहे व मापटेंभर तांदूळ एकाच वजनाचे मानल्यावर चिवड्याचें काय होणार, हें स्वयंपाक न येणाऱ्यासही कळेल.

अनारशांच्या कृतींत या चुकीचें फळ दिसून आलें आहे. मूळ पाठ असा: तांदूळ एक शेर, तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावें, सावलींत फडक्यावर पसरून दमट असतांच कुटावे, गूळ एक शेर. नव्या वहींत तांदूळ ९३३ ग्रॅम व गूळ ९३३ ग्रॅम. वधूनें पहिल्या दिवाळींत त्याप्रमाणें केलें आणि अनारसे तुपांत हसले. गूळ वाजवीपेक्षां अधिक झाला म्हणजे ते असे विरघळून पसरतात, हें सर्वश्रुत आहे. तिनें कृतीवर फुली मारून शेजारीं पेन्सिलीनें लिहिलें आहे, ‘आजीचें प्रमाण चुकलें’. हे दोन शब्द वाचून आम्हीं हें परीक्षण लिहावयास घेतलें. आपल्या बाजूनें बोलण्यास ती बाई आज नाहीं.

आतां प्रमाण. संकलनकर्त्रीनें मोडी पानें वाचतां येत नाहींत म्हणून ‘आजोबांचे हिशेब, निरुपयोगी’ अशी चिठ्ठी लावून सोडून दिलीं. आम्हीं तीं वाचलीं. त्यांत तांदूळ, गहूं, पोहे प्रत्येक वेळीं पायली व अधोलीनें घेतले आहेत. गूळ, साखर व तूप शेर आणि तोळ्यांनीं. म्हणजे या घरांत धान्याचा शेर मापी व गुळाचा शेर वजनी, हें आजोबांच्या अक्षरांत सिद्ध आहे. आमच्या विनंतीवरून कुटुंबानें माळ्यावरचें पितळी शेराचें माप काढून तांदुळानें भरून तोललें. ते ९३३ ग्रॅमांहून जवळजवळ पंचमांशानें अधिक भरले. आजींच्या प्रमाणांत गूळ तांदुळाहून वजनानें कमीच होता. चूक नकलेची आहे, मूळाची नव्हे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली (ती १९६६ सालीं पुरी झाली), तींत ज्या पाठाची खात्री नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेषा दिलेली असते. महाभारताची शिस्त चकल्यांस लावूं नये, असें कोणी म्हणेल. पण रेषा ओढण्यास शाई थोडीच लागते. ज्या मापाचा अर्थ लागला नाहीं तें मूळांत आहे तसें लिहून खालीं ती रेषा द्यावी, व आजचें प्रमाण शेजारीं कंसांत घालावें. मग मुलीस करूनही पाहतां येईल व मूळही बिघडणार नाहीं. सांगणाऱ्या बायकांचे उल्लेख ३१ च्या ३१ परत यावेत. जुन्या वहींत ‘सांदण’ एवढें शीर्षक घालून पान कोरें सोडलें आहे. नव्या वहींत तेथें एका छापील पुस्तकांतली कृति, अर्थात ‘आजीची’ म्हणून, भरली आहे. ती काढावी. छपाई तोंपर्यंत थांबावी.

जुन्या वहीस कसर लागली आहे, आणि नवी छापून झाल्यावर जुनी नदींत सोडावी असा घरांत विचार चालला आहे, असें कळतें. तसें करूं नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे. पानांचीं छायाचित्रें घेऊन मूळ वही मुलीकडे द्यावी. आहेर खरा तोच आहे. ती आणखी पंधरा दिवस आमच्याकडे राहूं दिली तर मोडीच्या अठराही पानांचें बाळबोध लिप्यंतर आम्ही करून देऊं. त्यांतील सहाव्या पानावर एका संक्रांतीच्या तिळगुळाचा सबंध हिशेब आहे, आणि तिळगुळाची कृति जुन्या वहींत कोठेंच नाहीं.