नचिकेत्याचा प्रश्न कुठे आहे?

आजचा विषय आपल्या जळगाव-धुळ्याकडे जरा परका वाटेल. चार्ल्स लॉईड हे अमेरिकेतले जुने जॅझ सॅक्सोफोनवादक, जन्म १९३८ चा. २०२२ मध्ये त्यांनी तीन त्रिकुटांचे तीन आल्बम एकामागून एक आणले. ‘चॅपल’, ‘ओशन’ आणि ‘सेक्रेड थ्रेड’. जॅझच्या छोट्या संचात सॅक्सोफोनमागे साधारणपणे पियानो, डबल बास आणि ड्रम असतात. इथे तिन्ही वेळा यातलं काही ना काही काढून टाकलंय. म्हणून ही त्रिकुटं ऐकताना कोण वाजवतंय याच्याइतकंच कोण नाही, हेही विचारावं लागतं.

आता आपली मंडळी काय करणार? थेट तिसरा आल्बम लावणार. कारण उघड आहे, त्यात आपल्या मुंबईचे, माहीमचे झाकीर हुसेन आहेत. सोबत ज्युलियन लेजची गिटार. झाकीरभाई इथे तबला वाजवतात आणि गातातही. वाजवणं देखणं आहे, यात वादच नाही. पण माझं मत सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडा. या संचात उणीव फारशी जाणवतच नाही. ड्रम नाही, पण तबला आहे. बास नाही, पण डग्ग्यावर तळहात सरकवला की तो खर्जही बोलतो. रिकामी जागा तबल्याने लगेच भरून निघते.

याच आल्बममध्ये एका रचनेचं नाव आहे ‘नचिकेत्याचा विलाप’. लॉईड वेदान्ताचे जुने अभ्यासक, तेव्हा नाव वरवरचं नाही. तरी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माझ्यासारखा माणूस इथे अडतो. कठोपनिषदातला पोरगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो, पण रडत नाही. यम त्याला संपत्ती देतो, राज्य देतो, दीर्घायुष्य देतो. तो म्हणतो, हे तुझं तुझ्यापाशी ठेव. मेल्यावर माणूस उरतो की नाही, तेवढं सांग. विलाप आणि प्रश्न एक नव्हेत, बरं का.

मग तो प्रश्न कुठे ऐकू येतो? मला तो ‘चॅपल’मध्ये ऐकू येतो. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एका चॅपलमध्ये हे वाजवलं. तिथे आवाज घुमतो, ड्रम असते तर नुसता गलका झाला असता. म्हणून फक्त बिल फ्रिसेलची गिटार आणि थॉमस मॉर्गनचा बास. पहिलीच रचना ‘ब्लड काउंट’. बिली स्ट्रेहॉर्नने ती १९६७ मध्ये कर्करोगाने दवाखान्यात असताना लिहिली, ती त्याची शेवटची. इथे ठेका धरून ठेवणारं कुणी नाही. सूर लांबतो, थांबतो, आणि पुढचा येईल की नाही याची खात्री राहत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाचा श्वास त्यात स्पष्ट ऐकू येतो. यमाचं नाव न घेता यमासमोर उभं राहणं म्हणतात ते हेच.

‘ओशन’बद्दल थोडक्यात. जेराल्ड क्लेटनचा पियानो आणि अँथनी विल्सनची गिटार, दोन्ही स्वरांचे गुच्छ भरणारी वाद्यं. एकाने भरलं तर दुसऱ्याने आवरावं लागतं. ते दोघं आवरतात, पण कधीकधी जरा जास्तच अदबीने.

कमी साथीचं गाणं आपल्याला नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओवीला घरोट्याची घरघर पुरली. साथ थोडी असली की शब्दाला आणि सुराला लपायला जागा राहत नाही. लॉईड त्या जागी उभे राहतात, ते पहिल्या आल्बममध्ये. तेव्हा आधी ‘चॅपल’ ऐका, झाकीरभाईंकडे त्यानंतर जा. मग त्यांचा तबलाही वेगळा ऐकू येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.