ग्रामवाचक आडनांवांचें प्रामाण्य

जुन्या कागदांत एखाद्या नांवापुढें ‘अंबडकर’, ‘राजूरकर’ किंवा ‘परतूरकर’ असें उपनांव आढळलें, कीं तो गृहस्थ त्या गांवचा रहिवासी व त्याचें घराणें तेथील वतनदार, असें अनुमान करण्याचा प्रघात संग्राहकांत आहे. वंशावळी जुळविण्याचें बरेंच काम या एका प्रत्ययाच्या आधारावर चालतें. म्हणून त्या आधाराची परीक्षा अवश्य आहे.

जालना जिल्ह्यांतील जांब गांवाचें उदाहरण घ्यावें. समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्यें येथें झाला. गांवचें कुळकर्ण त्यांच्या घराण्याकडे होतें. उपनांव मात्र ठोसर. जांब येथें राहूनही तें घराणें ‘जांबकर’ म्हणविलें गेलें नाहीं. कारण उघड आहे. गांवांत सारेच त्या गांवचे. तेथें गांवाच्या नांवानें कोणाची ओळख पटावी? ती पटते कुळानें अथवा पाटील, कुळकर्णी अशा अधिकारानें. ‘कर’ हा प्रत्यय बहुधा वेशीबाहेर पडल्यावर चिकटतो. नाईक निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गांवावरून निंबाळकर झाले व नांवारूपास आले फलटणास. मल्हाररावांचें होळकर हें उपनांव नीरेकाठच्या होळ गांवाचें, दौलत मात्र माळव्यांत.

परदेशांतील एक उदाहरण याच जिल्ह्याच्या भूमीशीं निगडित आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईंत इंग्रजी घोडदळाचा सरदार पॅट्रिक मॅक्सवेल पडला. त्याचें आडनांव स्कॉटलंडांतील ट्वीड नदीच्या एका डोहावरून आलेलें आहे. तो डोह बाराव्या शतकांतील मक्कस नामक जमीनधारकाचा. मनुष्यावरून डोहास, डोहावरून जमिनीस व जमिनीवरून कुळास नांव मिळालें. पुढें त्या कुळाचें मुख्य ठाणें मात्र दूर कार्लाव्हरॉकच्या किल्ल्यांत झालें. तिकडे स्थळाचें नांव मालकीच्या नात्यानें लागलें, आपल्याकडे बहुधा स्थलांतराच्या नात्यानें. परंतु नांव एकीकडे व निवास दुसरीकडे, ही गोष्ट दोहोंकडे समान.

यास्तव अशा उपनांवाचा उपयोग करतांना तीन गोष्टी पाहाव्या. तें प्रथम कोणत्या मितीच्या व कोणत्या ठिकाणीं लिहिलेल्या कागदांत येतें? त्या नांवाचीं गांवें किती? राजूर जालना जिल्ह्यांत आहे, तसेंच नगरकडील अकोले तालुक्यांतही आहे. शिवाय जालना जिल्हा १९८१ सालचा, तेव्हां शोध परगण्यावरूनच घ्यावा. तिसरें, मूळ कुळनाम व गोत्र कोणतें? घराण्याचें दफ्तर तें जेथें जाऊन स्थायिक झालें तेथें शोधावें. मूळ गांवीं शोध करावयाचा तो जुन्या कुळनामानें. ही खबरदारी न घेतल्यास एका घराण्याच्या सनदा दुसऱ्याच्या वंशावळीस चिकटतात, आणि एकदां छापली गेलेली वंशावळ पुढें स्वतःच पुरावा होऊन बसते.