उन्हाळी भव्यपट : पन्नास वर्षांनंतर

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की हॉलिवूडचे स्टुडिओ आपले सर्वांत खर्चिक चित्रपट बाहेर काढतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकीटबारीवर त्यांचीच सत्ता चालते. या चित्रपटांना ‘समर ब्लॉकबस्टर’ म्हणण्याची रूढी आहे. प्रचंड निर्मितिखर्च, तितकीच प्रचंड जाहिरात, एकाच दिवशी हजारो पडद्यांवर प्रदर्शन आणि सर्व वयोगटांना चालेल असे कथानक ही त्यांची व्यवच्छेदक लक्षणे होत. हा सारा प्रकार पोरकट आणि कर्कश असल्याचा आरोप गंभीर समीक्षेने वर्षानुवर्षे केला आहे. तो बऱ्याच चित्रपटांच्या बाबतीत खराही असला, तरी त्यामुळे एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, ती ही की या प्रकारातील श्रेष्ठ कृती भव्यतेवर उभ्या नसून भव्यता हातची राखून ठेवण्याच्या कौशल्यावर उभ्या आहेत. या प्रकाराची आज जी पडझड दिसते, तिचे मूळही ते कौशल्य धंद्याच्या रचनेने निरुपयोगी ठरवले, यातच शोधावे लागते.

उन्हाळा हा मुळात चित्रपटांचा मोसम नव्हता. बंद प्रेक्षागृहातील उकाड्याला लोक कंटाळत आणि समुद्रकिनारे गाठत. 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रिव्होली’ चित्रपटगृहात कॅरियर यांची वातानुकूलन यंत्रणा बसली, तेव्हापासून चित्रपटगृह हीच उन्हाळ्यातली थंड जागा ठरत गेली. तरीही प्रतिष्ठेचे चित्रपट पुढची कित्येक दशके अन्य ऋतूंसाठीच राखले जात. प्रदर्शनाची पद्धतही सावकाश होती. चित्रपट आधी मोठ्या शहरांतील मोजक्या चित्रपटगृहांत लागे, त्याची वाहवा झाली की मग तो लहान गावांत पोहोचे. याउलट एकाच वेळी शेकडो ठिकाणी लावलेला चित्रपट बहुधा टाकाऊ असे, कारण लोकांना त्याचा दर्जा कळण्याआधी गल्ला जमा करून मोकळे होणे हाच त्यामागचा हिशेब असे.

हा समज 20 जून 1975 रोजी प्रदर्शित झालेल्या, शार्कच्या हल्ल्यांवरील ‘जॉज’ने उलटवला. युनिव्हर्सल स्टुडिओने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींवर सुमारे 7 लाख डॉलर ओतून हा चित्रपट चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकदम लावला. म्हणजे टाकाऊ मालासाठी वापरली जाणारी युक्ती एका उत्तम चित्रपटासाठी वापरली गेली. निर्मिती मात्र विस्कळीत झाली होती. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा तिशीच्याही आत होते. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ खुल्या समुद्रात 55 दिवसांत संपवायचे चित्रीकरण 159 दिवस चालले, कारण खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क वारंवार बंद पडत असे. जो दाखवायचा तोच हाताशी नाही, या अडचणीतून शार्कच्या जागी पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप, पाण्याखालून पाहणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्स यांचा दोन स्वरांचा आवर्ती ठेका आला. शार्क डोके वर काढून समोर येतो, तोवर तासाहून अधिक काळ लोटलेला असतो.

या कौशल्याचा नमुना म्हणून किनाऱ्यावरील दिवसाढवळ्याचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसून पाण्याकडे पाहत असतो. त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मधून पोहायला आलेली माणसे जात राहतात आणि त्यांच्या अंगांनी पडदा क्षणभर झाकला गेला की त्या आडोशाने संकलक व्हर्ना फील्ड्स पुढचे दृश्य जोडतात. प्रत्येक वेळी ब्रॉडीचा चेहरा अधिक जवळ आलेला असतो, पण काप कुठे पडला ते डोळ्याला कळत नाही. मधूनच गावातला कोणीतरी क्षुल्लक तक्रार घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो आणि तो त्या माणसाच्या खांद्यावरून पाण्याकडे मान वाकडी करतो, तेव्हा प्रेक्षकही नकळत तेच करतो. अखेर हल्ला होतो, त्या क्षणी कॅमेरा पुढे सरकत असतानाच भिंगाचे नाभ्यंतर उलट दिशेने बदलल्यामुळे चेहरा जागीच राहून पार्श्वभूमी ताणली जाते. संपूर्ण प्रसंगात शार्क जवळजवळ नाहीच. फील्ड्स आणि विल्यम्स या दोघांनाही या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. 

धंद्याने मात्र ‘जॉज’पासून संकलनाऐवजी जाहिरातीचा धडा घेतला. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ने खेळणी आणि वस्तूंच्या विक्रीचे दालन उघडले, तर 1989 च्या ‘बॅटमॅन’ने चित्रपट येण्याआधीच त्याचे बोधचिन्ह घराघरांत पोहोचवले. यासोबत पहिल्या वीकेंडला, म्हणजे शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांना, अवास्तव महत्त्व आले. त्याला हिशेबाचे कारण होते. अमेरिकेत तिकिटाच्या उत्पन्नातील स्टुडिओचा वाटा सुरुवातीच्या आठवड्यांत मोठा असे आणि पुढे तो घटत जाऊन चित्रपटगृहाचा वाटा वाढे, त्यामुळे झटपट कमाई स्टुडिओच्या सोयीची होती. 2002 मध्ये ‘स्पायडरमॅन’ने पहिल्याच वीकेंडला 10 कोटी डॉलरची मर्यादा ओलांडली, 2019 मध्ये ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने अमेरिका-कॅनडात तीन दिवसांत 35 कोटींहून अधिक जमवले, आणि तेही एप्रिलमध्ये. उन्हाळा तोवर दिनदर्शिकेत मागे सरकत सरकत वसंतात घुसला होता.

अशा चित्रपटांना धंद्याच्या भाषेत ‘टेंटपोल’, म्हणजे तंबूचा मधला खांब, म्हणतात, कारण स्टुडिओचे उरलेले वर्ष त्यांच्या उत्पन्नावर तोलले जाते. खांब हलून चालत नाही म्हणून त्याची तारीख आधी ठरते आणि पटकथा नंतर. 2008 च्या ‘आयर्नमॅन’पासून मार्व्हल स्टुडिओने ही पद्धत शिस्तीने राबवली. एका कथेचे धागे दुसऱ्या चित्रपटात गुंतवायचे, त्यासाठी कित्येक वर्षांची वेळापत्रके आखायची आणि मोठे मारधाडीचे प्रसंग ‘प्रीव्हिज’ पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणापूर्वी संगणकावर कच्च्या स्वरूपात चितारून, पक्के करायचे, अशी ती रीत. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल यांनी 2018 मध्ये जाहीरपणे सांगितले की ‘ब्लॅक विडो’साठी त्यांच्याशी बोलणी झाली, तेव्हा मारधाडीच्या प्रसंगांची काळजी तुम्ही करू नका असे त्यांना सुचवण्यात आले होते. ज्या प्रकारात कृती हाच आशय असतो, तिथे कृतीचे प्रसंग दिग्दर्शकाकडून काढून घेणे म्हणजे गायकाला बंदिश देऊन लय दुसऱ्याच्या हाती ठेवणे होय.

दोष संगणकाच्या माथी मारण्याची सवय मात्र सोडायला हवी. 1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये डायनोसॉर पडद्यावर एकूण सुमारे 15 मिनिटेच दिसतात आणि त्यांतली संगणकनिर्मित दृश्ये साधारण 6 मिनिटांची आहेत, उरलेले काम स्टॅन विन्स्टन यांच्या यांत्रिक प्राण्यांनी केले. टी-रेक्सचे आगमन आधी पाण्याच्या पेल्यात उठणाऱ्या वलयांतून कळते, आणि त्या हल्ल्याच्या वेळी स्पीलबर्ग पार्श्वसंगीत पूर्ण थांबवून पाऊस, पत्रा आणि काच यांच्या आवाजांवर भिस्त ठेवतात. हिंदीत डब होऊन 1994 मध्ये हा चित्रपट भारतात लागला, तेव्हा इंग्रजी न समजणारा मोठा प्रेक्षकवर्ग हॉलिवूडकडे प्रथमच वळला. दुसरे उदाहरण जॉर्ज मिलर यांच्या 2015 च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’चे. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवून चित्रित झाल्याची त्याची ख्याती असली, तरी त्यातही संगणकीय काम भरपूर आहे. तरी तो डोळ्यांना पटतो, याचे कारण रचनेत आहे. प्रत्येक चौकटीत महत्त्वाची गोष्ट मध्यभागी ठेवलेली असल्यामुळे संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी दृश्ये कितीही भराभर बदलली, तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. कोणती गाडी कुठे आहे, कोण कोणाच्या मागे आहे, हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. अलीकडच्या महानायकपटांच्या शेवटच्या अर्ध्या तासात नेमके हेच ठाऊक नसते. करड्या आकाशाखाली असंख्य आकृत्या एकमेकींवर आदळतात आणि त्यांपैकी कोणाचेही वजन जाणवत नाही. मिलर यांचा चित्रपट कमाईच्या दृष्टीने मधल्या फळीतला ठरला, पण गेल्या दोन दशकांतला या प्रकाराचा सर्वोत्तम नमुना तोच.

करोनाकाळाने धंद्याची घडी विस्कटली. वॉर्नर ब्रदर्सने 2021 मधील आपले सर्व चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांसोबत त्याच दिवशी घरच्या पडद्यावरही आणले. चित्रपटगृहाची मक्तेदारी पूर्वी साधारण तीन महिन्यांची असे. हा अवधी, ज्याला धंद्यात ‘विंडो’ म्हणतात, दीड महिना किंवा त्याहूनही कमी झाला. त्या पार्श्वभूमीवर मे 2022 मध्ये आलेल्या ‘टॉप गन : मॅव्हरिक’चे यश बोलके आहे. लढाऊ विमानांत मागच्या आसनावर बसून अभिनेत्यांनी स्वतःच कॅमेरे चालू-बंद केले आणि प्रवेगाच्या ताणाने ओढले गेलेले त्यांचे गाल खरे आहेत, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. पहिल्या वीकेंडच्या तुलनेत दुसऱ्या वीकेंडला अमेरिकेतील कमाई किती घसरते, यावरून लोकांचे खरे मत कळते. मोठ्या चित्रपटांत ही घसरण बहुधा निम्म्याच्या पुढे असते. ‘मॅव्हरिक’ची ती सुमारे 29 टक्के होती, तर 2023 च्या ‘द फ्लॅश’ची सत्तर टक्क्यांच्या वर.

2023 चा उन्हाळा या दृष्टीने निर्णायक म्हणावा लागेल. सुमारे 30 कोटी डॉलर खर्चून केलेला इंडियाना जोन्स मालिकेतील पाचवा चित्रपट जगभरात 38 कोटींच्या आसपास थांबला, आणि तिकिटाच्या पैशांतला जवळजवळ निम्मा भाग चित्रपटगृहांकडे जातो हे लक्षात घेता तो तोट्याचा व्यवहार ठरला. त्याच मोसमात 21 जुलैला ग्रेटा गर्विग यांचा ‘बार्बी’ आणि ख्रिस्तोफर नोलन यांचा तीन तासांचा ‘ओपेनहायमर’ एकाच दिवशी लागून दोन्ही अफाट चालले. त्याआधी मे महिन्यात पटकथाकारांचा आणि जुलैत अभिनेत्यांचा संप सुरू झाला होता. लेखनाला दुय्यम मानणाऱ्या धंद्यात लेखकच रस्त्यावर उतरले होते. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्या उन्हाळ्यातली महत्त्वाची घटना वेगळीच होती. ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या ‘मुंबॅटन’ नगरीची दृश्यशैली चित्रकर्त्यांनी जुन्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या छपाईवरून घेतली. ज्यांच्या लहानपणी ती पुस्तके मराठीतून घरी येत, त्यांना त्या रंगांची ओळख लगेच पटावी. हॉलिवूडचे भारतदर्शन एरवी पिवळट धुळीपलीकडे क्वचितच जाते.

त्यानंतरच्या दोन मोसमांबद्दल थोडक्यातच सांगता येते. 2024 मध्ये ‘इनसाइड आउट 2’ आणि ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ चालले, ‘फ्युरिओसा’ आणि ‘द फॉल गाय’ पडले, आणि कष्टाने उभारलेल्या साहसदृश्यांना प्रेक्षक हमखास दाद देतात ही भाबडी समजूतही त्यांच्यासोबत पडली. 2025 मध्ये ‘लिलो अँड स्टिच’च्या पुनर्निर्मितीने 100 कोटी डॉलर ओलांडले. रायन कूगलर यांचा ‘सिनर्स’ त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आला. जुन्या मालिकेचा आधार नसलेला आणि पूर्वार्धात रक्तपिशाच्चे रोखून धरण्याची हिंमत दाखवणारा हा चित्रपट, ‘जॉज’च्या पन्नासाव्या वर्षी, त्याचा खरा वारसदार ठरतो.

2026 साठी स्टुडिओंनी जाहीर केलेल्या यादीत ‘टॉय स्टोरी 5’, ‘सुपरगर्ल’, ‘मिनियन्स 3’, ‘मोआना’चा जिवंत अभिनेत्यांसह नवा अवतार आणि पुन्हा एकदा ‘स्पायडरमॅन’ अशी ओळखीची नावे भरली आहेत. वेगळेपणाची अपेक्षा दोघांकडूनच ठेवावी. स्पीलबर्ग यांच्या परग्रहवासीयांवरील ‘डिस्क्लोजर डे’ची तारीख 12 जून आहे, किती दाखवायचे आणि किती झाकायचे याचे गणित मांडणारा दिग्दर्शक ‘जॉज’नंतर पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच गणिताला आणि त्याच मोसमाला भिडणार आहे. नोलन यांचा ‘द ओडिसी’ 17 जुलैला जाहीर झाला असून तो संपूर्णपणे आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलेला आहे. आयमॅक्स फिल्म म्हणजे 70 मिलिमीटर रुंदीची, पंधरा छिद्रांइतकी लांब चौकट असलेली फिल्म, जिच्यात तपशील नेहमीच्या फिल्मच्या कितीतरी पट अधिक उतरतो. होमरच्या महाकाव्यात भव्यतेला तोटा नाही. सायक्लॉप्स, सायरन, समुद्राचा कोप हे सारे आयते हाताशी आहे, आणि नेमका तोच धोका आहे. या चित्रपटाच्या 70 मिलिमीटर खेळांची काही तिकिटे प्रदर्शनाच्या बरोबर एक वर्ष आधी, 17 जुलै 2025 रोजी, विक्रीस खुली झाली. ती घेणाऱ्यांनी चित्रपटाचे एकही परीक्षण वाचलेले नव्हते, यावरून आजही या धंद्यात तारीख आधी विकली जाते आणि चित्रपट नंतर, हे स्पष्ट होते.