कापलेले बायबल आणि ग्रंथाचा अधिकार

धर्मग्रंथ खरा की खोटा, हा वाद चळवळीतल्या प्रत्येक अभ्यासवर्गात एकदा तरी होतोच. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. ग्रंथ कोणाच्या हातात आहे आणि त्यातले कोणते पान कोणासमोर उघडायचे हे कोण ठरवतो, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. ख्रिस्ती जगातल्या एका पुस्तकावरून हे तपासून पाहता येते.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी निवडलेले भाग, असे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ होते.

काय ठेवले आणि काय काढले? योसेफाची कथा ठेवली. विकला गेलेला, धन्याशी इमान राखणारा आणि शेवटी मोठ्या पदाला चढलेला गुलाम! त्यानंतर यायला हवा मोशे; फारोच्या वेठबिगारीतून इस्राएल लोकांना बाहेर काढणारा. पण सुटकेची ती सगळी कथाच नाही. गोष्ट एकदम सीनाय पर्वतापाशी पोहोचते आणि दहा आज्ञा सुरू होतात. लोक मिसरातून सुटले कसे, हे गुलामाला कळू नये. सुटल्यावर त्यांना आज्ञा काय मिळाल्या, एवढेच कळावे. शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेणाऱ्याचा यिर्मयाने केलेला धिक्कार यात नाही. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातले वचन नाही. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांच्या पत्रातले वचन मात्र शाबूत आहे.

आता ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते ते पाहू. सर्व शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे. पोप आणि धर्मसभांपेक्षा शास्त्राचा अधिकार मोठा, हे ल्यूथरने १५२१ साली सम्राटासमोर उभे राहून सांगितले आणि त्यावर प्रॉटेस्टंट पंथ उभा राहिला. मूळ शास्त्रलेख सर्वस्वी निर्दोष आहे, असे जाहीर निवेदन १९७८ साली शिकागोत जमलेल्या ख्रिस्ती नेत्यांनी केले. शब्दन् शब्द देवाचा मानणाऱ्या परंपरेतल्याच माणसांनी गुलामापुरता हा ग्रंथ चार-पंचमांश कापला. देवाच्या शब्दाला कात्री लावणारा हात, निदान तेवढ्यापुरता, देवाहून मोठा ठरतो. कोणी म्हणेल, मळेवाल्यांनी संपूर्ण बायबल बेटांवर येऊच दिले नसते, म्हणून धर्मप्रसारकांनी तडजोड केली. मान्य. हैतीच्या गुलामांनी १८०४ साली स्वातंत्र्य जाहीर केले होते. मळेवाले धास्तावले होते. पण मग याचा अर्थ एवढाच की, या ग्रंथाच्या सामर्थ्यावर पाद्र्यांपेक्षा मळेवाल्यांचा विश्वास अधिक होता!

तेव्हा संपूर्ण ग्रंथ हाती आला की मुक्ती मिळते काय? तसेही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मालकाजवळ संपूर्ण बायबल होते. अब्राहामाजवळ दास होते, पौलाने अनेसिमाला त्याच्या धन्याकडे परत पाठवले, नोहाने कनानाला दास होण्याचा शाप दिला. हे दाखले देऊन तिथले पाद्री गुलामगिरीचे समर्थन करीत. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी १८४५ साली गुलामगिरीच्याच प्रश्नावर वेगळी संघटना काढली आणि त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ साली. ग्रंथाचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. गुलामगिरी नको, असे बायबल कुठेही स्पष्ट शब्दांत सांगत नाही. निव्वळ अक्षरावर वाद घातला तर मालकाची बाजू लंगडी नव्हती. बायबलचे अक्षर आणि गुलामाची माणुसकी यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा या श्रद्धेची खरी परीक्षा झाली.

ती परीक्षा काळ्या माणसांनी दिली. १८३१ साली व्हर्जिनियात गुलामांचा उठाव करणारा नॅट टर्नर बायबल वाचणारा होता. त्यानंतर गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्याविरुद्धचे कायदे दक्षिणेत अधिक कडक झाले. फ्रेडरिक डग्लस या पळून आलेल्या गुलामाने १८४५ सालच्या आत्मकथनात ख्रिस्ताचा धर्म आणि मालकांचा धर्म यांची साफ फारकत केली.

मला सर्वांत मोठी वाटते ती मात्र एक निरक्षर म्हातारी. हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकाने आपल्या आजीची हकीकत १९४९ सालच्या पुस्तकात सांगितली आहे. आजी गुलामीत जन्मली होती. नातवाकडून ती बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे वाचू देत नसे; अपवाद प्रेमावरच्या एका अध्यायाचा. कारण मालकाचा गोरा पाद्री दासांनी आज्ञेत राहावे, हेच पौलाचे वचन पुन्हा पुन्हा सांगे. तेव्हाच तिने ठरवले होते, सुटका झाली तर हा भाग वाचायचा नाही.

म्हणजे कात्री तिनेही लावली. फरक कुठे आहे? लंडनच्या संपादकांनी दुसऱ्याला बांधून ठेवण्यासाठी कापले. तिने स्वतःला मोकळे करण्यासाठी कापले. त्यांनी कापलेले संपूर्ण सत्य म्हणून पढवले. तिने आपला नकार उघड सांगितला. तिची देवावरची श्रद्धा अढळ होती. पण कोणते वचन देवाचे, याचा निवाडा तिने स्वतःच्या जगण्याच्या कसोटीवर केला. ग्रंथाचा अधिकार तिथे माणसाकडे आला.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा दोन्ही दास्यांचे नाते त्यांनी ओळखले होते. बाबासाहेब त्याच्या पुढे गेले. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९३६ साली त्यांनी सांगितले की, शास्त्रांचा निराळा अर्थ लावून भागणार नाही, शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे. त्या भाषणातला मजकूर गाळावा, असा आग्रह संयोजकांनी धरला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही. भाषण रद्द झाले, पुस्तक निघाले. ‘रिडल्स’मधल्या राम-कृष्णावरील परिशिष्टालाही कात्री लावण्याचा घाट घातला गेला, १९८८ साली मुंबईत निघालेल्या प्रचंड मोर्चाने तो हाणून पाडला.

हे लिहिताना मला माझे वडील आठवतात. छापील कागद पायाखाली आला की ते तो उचलून कपाळाला लावीत. त्यांना त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. ज्याला अक्षर नाकारले, त्याची ती अक्षरावरची श्रद्धा होती. तिला मी हसणार नाही. पण मी पदवीधर आहे, माझे विद्यार्थी पदवीधर होणार आहेत. बाबासाहेबांचे खंड आपण घरोघर नेले, त्यांना हार घातले. त्यांतली सोयीची वाक्ये व्यासपीठावरून कोणीही फेकतो आणि आपण टाळ्या वाजवतो. न वाचलेल्या ग्रंथातले बाकीचे अध्याय कापायला कात्रीसुद्धा लागत नाही. आपल्या घरातला खंड कपाळाला लावून खाली ठेवायचा, की उघडून त्याच्याशी वाद घालायचा, हे आता आपल्याच हातात आहे.