‘परावर्तन’ या संज्ञेविषयी
निकट युग्मताऱ्यात उष्ण घटकाकडे वळलेली सहचराची बाजू उजळ दिसते. या आविष्कारास ‘परावर्तन परिणाम’ म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु ही संज्ञा दिशाभूल करणारी होय. सहचर आरशासारखा वागत नाही. तो प्रारण शोषतो, तापतो आणि पुन्हा उत्सर्जित करतो. त्याच्या अंतर्भागातून येणारा ऊर्जाप्रवाह बाह्य प्रारणाने अडत नाही. म्हणून मिळालेली सर्व ऊर्जा परत गेलीच पाहिजे, असा एडिंग्टनचा १९२६ मधील युक्तिवाद. यातील अल्बेडो १ हा ऊर्जेचा हिशेब आहे, पृष्ठभागाची चकाकी नव्हे. संवहनी आवरणासाठी रुचिन्स्कीने १९६९ मध्ये सुमारे ०.५ हे मूल्य काढले आणि पुढे ते बहुधा विचार न करताच वापरले गेले.

कन्या राशीतील एचडब्ल्यू व्हर्जिनिस येथे अडचणीचा ठरतो. सुमारे २८,००० केल्विन तापमानाचा उपबटू आणि पूर्णतः संवहनी लाल बटू २ तास ४८ मिनिटांत परस्परांभोवती फिरतात. त्यांचा प्रकाशवक्र जुळविताना मात्र अल्बेडो १ च्या जवळ घ्यावा लागतो. अतिनील प्रारण संवहनस्तरापर्यंत न पोहोचता वरच्या विरळ थरांतच शोषले जात असावे, हे स्पष्टीकरण ग्राह्य वाटते. तसे असल्यास ०.५ चे गृहीतकच येथे लागू पडत नाही.